उन्हाळ्यात तग धरणारा कॉम्प्युटर: कूलर, पंखे आणि कॅबिनेट निवडताना

प्रोसेसर कूलरच्या ज्या चाचण्या आपण व्हिडिओत पाहतो, त्या बहुतेक २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत केलेल्या असतात. तिथे २२ अंशांच्या खोलीत एखादा कूलर प्रोसेसरला ७० अंशांवर रोखून धरतो, म्हणून आपण तोच मागवतो. मग मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला दुपारी तीनच्या सुमारास, खोलीतली हवाच ४० अंशांवर गेलेली असताना, त्याच कूलरखाली तोच प्रोसेसर ८८ दाखवू लागतो. कूलरमध्ये खोट नसते. प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा किती अंशांनी वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. चाचणीत तो फरक ४८ होता, आपल्याकडेही ४८च आहे. कूलर हवेवर चालणारा असो की पाण्यावर, खोलीतल्या हवेहून थंड तो काहीही करू शकत नाही.

त्यामुळे घरी कॉम्प्युटर जोडायला घेणाऱ्यांना मी बजेट नंतर विचारतो. कॉम्प्युटर कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात ठेवणार आणि तिथे भर उन्हाळ्यात पारा किती चढतो, हे आधी. एक साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या जागी, त्याच उंचीवर दोन-तीन दिवस ठेवला की उत्तर मिळतं. पत्र्याखालच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सातलाही आकडा उतरलेला नसतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. आणि गेम खेळायची, व्हिडिओ एडिट करायची बहुतेकांची वेळ नेमकी तीच. मोजायला उन्हाळा हाताशी नसेल, तर मुंबई-पुण्याकडे ३२ ते ३५ अंश आणि विदर्भ-मराठवाड्यात एसी नसलेल्या खोलीला ३८ ते ४० अंश धरून चाला. पुढची सगळी खरेदी या आकड्यावर बसवायची आहे.

आता उष्णता किती निर्माण होते ते पाहू. कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. प्रोसेसरच्या खोक्यावर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो मात्र फसवा असू शकतो. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के वर १२५ वॅट लिहिलेले असतात, पण पूर्ण भार पडला की इंटेलच्याच मर्यादेनुसार तो २५३ वॅटपर्यंत जातो. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सवर १७० लिहिलेले असतात आणि तो २३० घेतो. याउलट कोअर आय५ १२४००एफ ६५ आणि कमाल ११७ वॅटचा, रायझन ५ ७६०० हा ६५ आणि कमाल ८८ वॅटचा. खरेदी करताना नेहमी हा दुसरा, कमाल आकडा शोधा. ग्राफिक्स कार्डाचं गणित सरळ असतं: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ४०७० ला २००, ४०९० ला ४५०. म्हणजे मध्यम दर्जाचा गेमिंग कॉम्प्युटर जोरात चालतो तेव्हा ३०० ते ४०० वॅटचा हीटरच खोलीत चालू असतो. दहा बाय दहाची खोली दारं-खिडक्या लावून बंद ठेवली, तर दोन-तीन तासांत खोलीच तापते आणि वर सांगितलेला खोलीच्या तापमानाचा पायाच उंचावत जातो. छताचा पंखा तापमान कमी करत नाही, पण कॅबिनेटमागे साचणारी गरम हवा पसरवून टाकतो, म्हणून तो चालू असावा आणि दाराची फट उघडी असावी.

सर्वांत स्वस्त कूलिंग म्हणजे उष्णता मुळात कमी निर्माण करणं, आणि याला एक रुपयाही लागत नाही. रायझनच्या मदरबोर्डांवर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, इको मोड असतो. त्याने २३० वॅटचा ७९५०एक्स १४२ किंवा ८८ वॅटवर बांधून ठेवता येतो आणि वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटचा थोडा वेग काढण्यासाठीच प्रोसेसर सर्वांत जास्त वीज खातो. इंटेलच्या 'के' प्रोसेसरांना बायोसमध्ये वॅटची मर्यादा घालता येते. काही मदरबोर्ड ही मर्यादा स्वतःहून काढून टाकलेल्या अवस्थेत येतात, तेव्हा नव्या मशीनवर ती जरूर तपासा. ग्राफिक्स कार्डाची वॅटची मर्यादा एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ८० टक्क्यांवर आणली, तर बहुतेक गेममध्ये डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण पंख्यांचा आवाज लगेच उतरतो. एप्रिल ते जूनपुरती ही मर्यादा लावून ठेवायला मी सगळ्यांना सांगतो.

एवढं झालं की कॅबिनेट. कूलरआधी कॅबिनेट ठरवावं असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकी इथेच सर्वाधिक चूक निवड होते, कारण कॅबिनेट दिसण्यावर घेतलं जातं. मदरबोर्डची एटीएक्स ही मांडणी इंटेलने १९९५ मध्ये आणली. त्या काळच्या पेंटियमला दहा-पंधरा वॅट पुरायचे आणि ग्राफिक्स कार्ड बोटभर चिपचं असायचं. २००४ मध्ये इंटेलने हवेच्या प्रवाहाचा विचार करून बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली होती, पण ती रुजली नाही. आज त्याच जुन्या मांडणीत शेकडो वॅटचं कार्ड कॅबिनेटच्या मधोमध आडवं बसतं, आपली गरम हवा आतच सोडतं, आणि त्याच्या वर बसलेला प्रोसेसर कूलर तीच हवा ओढतो. समोरून भरपूर ताजी हवा आली तरच हे जमतं. म्हणून समोरचा भाग जाळीचा हवा. काचेचा किंवा बंद प्लास्टिकचा दर्शनी भाग आणि कडेला बोटभर फट, अशा कॅबिनेटमध्ये पुढे तीन रंगीत पंखे फिरताना दिसतात खरे, पण त्यांना ओढायला हवाच मिळत नाही. दुकानात मॉडेल मांडलेलं असेल तर सोपी परीक्षा आहे. समोरच्या जाळीमागे मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाश मोकळा आरपार येत असेल, तर हवाही येईल.

कोर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो किंवा लिअन ली कंपनीचं लॅनकूल २१६ ही जाळीच्या कॅबिनेटची चांगली उदाहरणं. लॅनकूलमध्ये पुढे १६० मिलिमीटरचे दोन मोठे पंखे आणि मागे १४० चा एक, असे कंपनीकडूनच येतात आणि वेगळे पंखे घ्यावे लागत नाहीत. याहून स्वस्तात जाळीची अनेक कॅबिनेटं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन मिळतात. त्यांच्याबाबत दोन गोष्टी विचारून घ्या: सोबत आलेले पंखे मदरबोर्डला लागतात की थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरला, आणि पुढची जाळी धुण्यासाठी निघते का. एसएमपीएसला थेट लागणारे पंखे कायम एकाच वेगाने फिरतात. रात्री दोन वाजता तुम्ही वर्डमध्ये टाइप करत असलात, तरी घोंघावतात. दोन्ही बाजूंना काच असलेली, मत्स्यालयासारखी दिसणारी कॅबिनेटं वाईट नसतात, पण त्यांना खालून आणि बाजूने हवा ओढणारे पंखे स्वतंत्र विकत घेऊन बसवावे लागतात. तो खर्च हिशेबात धरणार नसाल, तर त्या वाटेला जाऊ नका.

पंखे किती लागतात, याचं उत्तर ढोबळ गणिताने काढता येतं. आत ४०० वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम झालेली चालणार असेल, तर मिनिटाला साधारण ७० घनफूट हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. आर्क्टिकचा पी१२ हा १२० मिलिमीटरचा लोकप्रिय पंखा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ५६.३ घनफूट हवा देतो, असं त्याच्या माहितीपत्रकात असतं. पण तो आकडा मोकळ्या हवेतला, समोर काहीही अडथळा नसतानाचा. जाळी, फिल्टर आणि आतल्या वायरींमधून जाताना, शिवाय कान किटू नयेत म्हणून वेग कमी ठेवल्यावर, हातात निम्म्याच्या आसपास येतं असं धरा. म्हणजे एका पंख्याचे २५ घनफूट, आणि आत हवा ओढणारे तीन पंखे झाले की ४०० वॅटचं काम भागलं. नऊ-दहा पंखे लावलेली कॅबिनेटं छायाचित्रात छान दिसतात, पण तिसऱ्या-चौथ्या पंख्यानंतर तापमानात पडणारा फरक झपाट्याने कमी होत जातो.

मांडणी साधी ठेवा. पुढे दोन किंवा तीन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, आणि वर एखादा लावायचाच असेल तर मागच्या बाजूला, तोही बाहेर फेकणारा. वरच्या बाजूला अगदी पुढे बाहेर फेकणारा पंखा लावू नका. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसर कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो तिला बाहेर काढून टाकतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, हे आपल्याकडच्या धुळीसाठी फार महत्त्वाचं. मग आतला दाब किंचित वाढतो, फटीफटीतून हवा बाहेरच जात राहते आणि धूळ फक्त फिल्टर लावलेल्या वाटेनेच येऊ शकते. उलट झालं, तर प्रत्येक फट धूळ ओढते. पंख्याची दिशा ओळखायची खूण अशी: ज्या बाजूला आधाराच्या दांड्या आणि मधला स्टिकर दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. सगळं जोडून झाल्यावर छताचा पंखा बंद करून एक पेटलेली उदबत्ती कॅबिनेटच्या पुढे, मग मागे, मग वर धरून पाहा. धूर कुठे ओढला जातो आणि कुठे ढकलला जातो, ते स्पष्ट दिसतं. मागच्या पंख्याने फेकलेली हवा भिंतीला आपटून वळते आणि वरच्या जाळीतून पुन्हा आत शिरते, हेही याच परीक्षेत कळतं. तसं दिसलं की कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सुताराने हौसेने बनवलेला, तीन बाजूंनी सनमायका लावलेला आणि पुढे दार असलेला तो कप्पा कितीही महागडे पंखे निकामी करतो. मागची गरम हवा कप्प्यातच फिरते आणि तीच पुन्हा पुढून आत जाते. कॅबिनेट बाहेर काढणं शक्य नसेल, तर कप्प्याची मागची फळी तरी पूर्ण काढून टाका आणि दार कायमचं उघडं ठेवा. एसएमपीएस खाली असेल आणि तो तळातून हवा ओढत असेल, तर कॅबिनेट सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवू नका. खाली एक फळी घाला.

पंखे सुटे घेताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात. शक्य तिथे १४० मिलिमीटरचे घ्या. तेवढीच हवा कमी फेऱ्यांत देतात. पंख्याचा वेग दुप्पट केला, तर आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तर जेमतेम ३ डेसिबलने. म्हणून एका जोरदार पंख्यापेक्षा सावकाश फिरणारे दोन केव्हाही बरे. चार पिनांचा, म्हणजे पीडब्ल्यूएम पंखा घ्या. त्याचा वेग मदरबोर्ड नेमका सांभाळतो. तीन पिनांचाही चालतो, पण त्यासाठी बायोसमध्ये त्या जोडणीचा प्रकार डीसी करावा लागतो. घनफूट आणि दाब हे दोन्ही आकडे खोक्यावर असतात आणि दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत: घनफूट शून्य अडथळ्याला, दाब पूर्ण अडथळ्याला. जाळी-फिल्टरमागे किंवा पाण्याच्या कूलरच्या रेडिएटरवर लावायचा पंखा दाबाचा आकडा पाहून निवडा. आत धुऱ्याला आधार देणारं बेअरिंग 'फ्लुइड डायनॅमिक' असेल, तर तो जास्त टिकतो. स्लीव्ह बेअरिंगचा स्वस्त पंखा कॅबिनेटच्या छताला आडवा लावला, तर लवकर खरखरायला लागतो.

लाइटवाल्या पंख्यांच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवा. लाइटची जोडणी दोन प्रकारची असते, ५ व्होल्टची तीन पिनांची आणि १२ व्होल्टची चार पिनांची. ५ व्होल्टचा प्लग जोर करून १२ व्होल्टच्या पिनांवर बसवला, तर लाइट तत्क्षणी जळतात. आणि तीन पंख्यांचा जो संच आपल्याच खास सहा पिनांच्या वायरीने एका डबीला जोडलेला येतो, त्यातला एक बिघडला की सुटा पंखा बाजारात मिळत नाही. मदरबोर्डवरच्या पंख्याच्या एका जोडणीतून साधारण १ अँपिअर मिळतो. दोन-तीन साधे पंखे वायरीला फाटा देऊन एकावर सहज चालतात.

आता प्रोसेसर कूलर. हवेवर चालणाऱ्या, उभ्या टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या पोकळ असतात. आत अगदी थोडं पाणी कमी दाबाखाली कोंडलेलं असतं. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, ती पात्यांकडच्या टोकाला जाऊन थंड होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी झिरपत परत येतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी प्रत्यक्षात करून दाखवली. यात हलणारा भाग एकही नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. पंखा बंद पडला, तर १२० मिलिमीटरचा कुठलाही पंखा क्लिपने लावून काम चालू. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा मुद्दा पुरेसा आहे.

रायझन ५ ७६०० किंवा कोअर आय५ १२४००एफ यांसोबत खोक्यातच एक छोटा कूलर येतो. मुंबई-पुण्यात, रोजच्या कामाला तो चालून जातो. ३८-४० अंशांच्या खोलीत तो प्रोसेसरला वाचवतो, पण पंखा सतत टिपेला असतो. तिथे चार नळ्यांचा एक टॉवर, उदाहरणार्थ डीपकूलचा एके४००, घालावा. रायझन ७ ७७००एक्स (कमाल १४२ वॅट) किंवा कोअर आय५ १४६००के (१८१ वॅट) असेल, तर सहा नळ्यांचा जोड टॉवर (दोन टॉवर शेजारी-शेजारी) घ्या. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूलचा एके६२० या कामाला पुरेसे आहेत, आणि किंमत पाहिली तर ३६० मिलिमीटर रेडिएटरच्या पाण्याच्या कूलरच्या बऱ्याचदा निम्म्याहून कमी. केवळ गेमसाठी घेतलेला रायझन ७ ७८००एक्स३डी याहून कमी तापतो. त्याला यातला कुठलाही कूलर पुरतो, मात्र त्याची कमाल मर्यादा ८९ अंशांची आहे हे ध्यानात असू द्या.

इथे एक भीती दूर करायला हवी. रायझन ७००० मालिकेतले 'एक्स' प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातात ते मुद्दाम, जागा मिळेल तेवढा वेग वाढवत नेण्यासाठी. कूलर मोठा लावला, तरी आकडा ९५ च दिसू शकतो, वेग तेवढा थोडा वाढलेला असतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून जळण्याची चिंता नको. चिंता करायची ती उन्हाळ्यात वेग किती घटतो याची, आणि तो तापमानासोबत मेगाहर्ट्झचा आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात.

मोठा कूलर मागवण्याआधी पट्टी हातात घ्या. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन एसई १५५ मिलिमीटर उंच आहेत, एके६२० हा १६०, नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १६५. कॅबिनेट १६० ची मर्यादा सांगत असेल, तर शेवटचा बसणारच नाही, काच लागणार नाही. रॅमवर उंच दिव्यांची पट्टी असेल, तर जोड टॉवरचा पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि तेवढी उंची वाढते. सॉकेटही जुळायला हवं. एएम४ ला बसणारे बरेच कूलर एएम५ ला तसेच बसतात, पण इंटेलच्या एलजीए १२०० वरचा कूलर एलजीए १७०० वर बसत नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ चं ७८ मिलिमीटर झालं. जुना कूलर वापरायचा असेल, तर त्याच्या कंपनीची नव्या सॉकेटची पट्टी वेगळी मागवा.

पाण्याचा कूलर कोणाला लागतो? कोअर आय९ १४९००के सारखा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भारावर चालवून व्हिडिओ किंवा थ्रीडी रेंडर करणाऱ्याला, तोही ३६० मिलिमीटरचा. २४० चा पाण्याचा कूलर आणि चांगला जोड टॉवर यांत फारसं अंतर नसतं, म्हणून २४० वर पैसे घालायला मी सांगत नाही. पाण्याच्या कूलरला पंप असतो, तो झिजतो. नळ्यांच्या भिंतीतून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडत जातं आणि पुन्हा भरायची सोय बहुतेकांत नसते. पाच-सहा वर्षांनी तो बदलायचाच, हे गृहीत धरून घ्या. पंप थांबला, तर प्रोसेसर काही सेकंदांत मर्यादेला टेकतो. वॉरंटी असली, तरी खोकं मोठ्या शहरात पाठवून परत येईपर्यंत कॉम्प्युटर बंद. घेतलाच, तर रेडिएटर वर बसवा. पुढे बसवायचा असेल, तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं पाहा. आत राहिलेली हवा सर्वांत उंच जागी जमते, ती पंपात जमू द्यायची नाही. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ मिलिमीटर जाड आहे. त्यावर पंख्याचे २५ मिळवले की ६३ होतात. वर तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा.

पेस्टवर डोकं शिणवू नका. नामांकित पेस्टमधला फरक दोन-तीन अंशांचा असतो. मधोमध वाटाण्याएवढी घाला, स्क्रू कर्णरेषेत थोडे-थोडे पिळत न्या. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा काढला का, ते बसवण्याआधी बोटाने चाचपून पाहा. तो तसाच राहिल्यामुळे नवा कॉम्प्युटर पहिल्याच मिनिटाला ९५ अंशांवर गेल्याचं मी अनेकांकडे पाहिलंय.

पंख्यांचा वेग बायोसमध्ये बसवताना एवढं करा: ५० अंशांपर्यंत सावकाश, ८० पर्यंत हळूहळू चढता, आणि बदल लगेच न होता तीन-चार सेकंदांनी होईल अशी मुदत. नाहीतर ब्राउझरचा एक टॅब उघडला, तरी पंखा भणभणतो आणि शांत होतो. उन्हाळ्यात प्रोसेसर रिकामा असतानाही ५५ अंशांवर बसलेला असू शकतो, तेव्हा सगळी चढण पाच अंशांनी पुढे ढकला.

विदर्भातल्या घरांत खोलीला वाळ्याचा किंवा लाकडी भुशाचा कूलर असतो. तो खोली उतरवतो, म्हणून कॉम्प्युटरलाही मानवतो. चालू असलेले भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यातून उडणारे बारीक थेंब आणि पाण्यातले क्षार धुळीत मिसळले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये घट्ट पापुद्रा बसतो आणि तो फुंकून निघत नाही. कोकण-गोव्यात त्रास वेगळा: खारी, दमट हवा. तिथे निकेलचा मुलामा असलेला कूलर आणि रंगवलेला पत्रा घ्या. पावसाळ्यात मशीन वापरात नसेल, तरी आठवड्यातून एकदा तासभर चालवा, म्हणजे आतला ओलावा उडून जातो. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे पंखांचे किडे काचेच्या उजळलेल्या कॅबिनेटकडेही तेवढ्याच ओढीने येतात आणि त्यांच्यामागे पाल. स्वस्त कॅबिनेटच्या मागच्या स्लॉटच्या पट्ट्या एकदा तोडल्या की परत लावता येत नाहीत, त्या उघड्या फटीतून पाल आत शिरते. पाल एसएमपीएसमध्ये गेली, तर शॉर्ट सर्किट ठरलेलं. त्या फटींवर डासांच्या जाळीचा तुकडा आतून चिकटवा.

साफसफाई शिमग्याच्या सुमारास, उन्हाळा लागण्याआधी करा आणि दुसरी दिवाळीनंतर. रस्त्याकडेच्या घरात पुढची जाळी महिन्याला धुवावी लागते. कॉम्प्युटरची वायर काढा, तो गॅलरीत न्या आणि हातातल्या ब्लोअरने फूटभर अंतरावरून हवा मारा. हवा मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं, तर ते भन्नाट वेगाने फिरतं आणि बेअरिंगला इजा होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

नवा कॉम्प्युटर जोडल्याच्या दिवशी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी चालवून प्रोसेसरचं तापमान नोंदवा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. उरलेला आकडा तारखेसह कागदावर लिहून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला आतून चिकटवा. दर शिमग्याला हीच चाचणी करा. फरक दोन-चार अंशांनी वाढला असेल, तर धूळ काढा. धूळ काढूनही आठ-दहा अंश जास्त येत असतील, तर पेस्ट वाळली आहे, नवी लावा. पाण्याच्या कूलरवर हाच फरक अचानक वाढला, तर पंपाचे फेरे बायोसमध्ये दिसताहेत का ते आधी पाहा.